पोकर स्पर्धांत लागोपाठ हार होत असेल तर काय करायचं

‘मी नीट खेळायलो भाऊ, पण पत्तेच येईनात.’ संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, पोकरच्या स्पर्धा खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. ते खरं असू शकतं, खोटंही असू शकतं. अडचण अशी की बोलणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं, कारण तो आठवणीवर बोलत असतो. हरलेल्या माणसाला एक्क्यांची जोडी फुटली तो डाव आठवतो. त्याच्या दोन तास आधी कंटाळून केलेला कॉल (समोरच्यानं लावलेल्या रकमेएवढ्या चिप्स टाकून डावात राहणं) आठवत नाही, आणि स्पर्धा तिथंच हातातून गेलेली असते.

म्हणून हारीच्या काळात काय करायचं ते एका क्रमानं सांगतो. हा क्रम मोडू नका. आधी पैसा सुरक्षित करायचा, मग हिशोब लिहायचा, मग आपला खेळ तपासायचा, आणि परत टेबलावर बसायचं ते सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात.

कायद्याचं आधी

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांवरचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद झाले. आपल्याकडची ॲपही त्याच महिन्यात थांबली. महाराष्ट्रात कॅसिनो नाही, आणि खोली घेऊन पैशांवर डाव मांडला तर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अडकायची वेळ येते. तेव्हा मराठवाड्यातल्या माणसाला पैशांची स्पर्धा खेळायची तर जवळचा सरळ रस्ता गोव्याचा. पणजीला, मांडवीवरच्या जहाजांत.

हारीत असलेला माणूस नेमका इथंच वाकड्या वाटेला लागतो. परदेशी साइट, व्हीपीएन, टेलिग्रामवरचा एजंट, ‘युपीआयवर टाका, चिप्स देतो’. तिथं जिंकलात तरी पैसे हातात येतील याची खात्री नाही, आणि बुडाले तर तक्रार घेऊन जायला जागा नाही. हे दार आजच बंद करा. एजंटाचा नंबर ब्लॉक करा, ग्रुपमधून बाहेर पडा.

पहिली पायरी : पैसा थांबवा

हार सुरू आहे असं जाणवल्यावर निदान एक महिना पैशांवर एकही डाव नाही. ही शिक्षा समजू नका. तपासणी चालू असताना नवे आकडे त्यात मिसळू नयेत, एवढ्यासाठी हे आहे.

त्याच दिवशी बसून खेळाचा पैसा घराच्या पैशापासून वेगळा करा. वेगळं बचत खातं असेल तर उत्तम. खेळाच्या खात्यात कधीच येऊ नये असा पैसा म्हणजे पीककर्ज, सोयाबीन किंवा कापसाची पट्टी, भिशीचा उचललेला नंबर, सोनं तारण ठेवून आणलेली रक्कम, क्रेडिट कार्ड आणि लोन ॲप. यातल्या कशातूनही तुम्ही एकदा जरी प्रवेश फी भरली असेल तर पुढच्या पायऱ्या नंतर बघू. आधी ते कर्ज फेडायचं, आणि ते फिटेपर्यंत पत्त्याला हात लावायचा नाही.

पुस्तकी नियम असा आहे की स्पर्धा खेळणाऱ्याकडे किमान 100 प्रवेश फींएवढी रक्कम बाजूला हवी, आणि मोठ्या गर्दीच्या स्पर्धांना 200 ते 300. म्हणजे 5,500 रुपयांची स्पर्धा खेळायला साडेपाच लाख. नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून खेळणाऱ्या आपल्या पोरांपैकी किती जणांकडे एवढी रक्कम मोकळी पडून असते? माझं मत स्पष्ट आहे. हा नियम व्यवसाय म्हणून खेळणाऱ्यांसाठी ठीक आहे. आपण वर्षाची एक रक्कम ठरवावी, ती गेलीच असं धरून बाजूला काढावी, आणि ती संपली की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं.

मित्रांनी तुमच्या प्रवेश फीत हिस्सा टाकला असेल तर तो हिशोबही याच वेळी मिटवा. कुणाचे किती, हार पुढं ओढायची की नाही, सगळं लिहून दोघांनी सह्या करा. मैत्रीत तोंडी ठेवलेला व्यवहार हारीच्या काळातच नासतो.

दुसरी पायरी : रोजमेळ लिहा

दुकानदार जसा रोजमेळ लिहितो तसा लिहायचा. वही चालेल, मोबाइलमधलं शीटही चालेल. मागचे जेवढे महिने सापडतील तेवढे बँक स्टेटमेंट आणि युपीआयच्या नोंदी काढून भरा. रकाने : तारीख, स्पर्धा, फी, किती खेळाडू होते, कितवा आलो, काय मिळालं, कर किती कापला, प्रवास आणि मुक्काम.

दोन ठिकाणी बहुतेक सगळे स्वतःला फसवतात.

एक म्हणजे री-एंट्री, म्हणजे बाहेर पडल्यावर त्याच स्पर्धेत पुन्हा फी भरून बसणं. माणूस सांगतो, ‘गोव्यात चार स्पर्धा खेळलो.’ स्टेटमेंट काढलं की नऊ वेळा फी गेलेली दिसते. प्रत्येक री-एंट्री स्वतंत्र ओळीत लिहा. खेळाच्या दृष्टीनं ती नवी स्पर्धाच आहे, तीही कमी स्टॅकची (आपल्याजवळच्या चिप्सच्या ढिगाची) आणि तापलेल्या डोक्याची.

दुसरं म्हणजे कर. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर उपकर, मिळून 31.2 टक्के. हरलेल्या स्पर्धांची फी त्यातून वजा करता येत नाही. याचा अर्थ आकड्यांत बघा. वर्षात 5,500 चे 20 प्रवेश घेतले, 1,10,000 गेले. एकदा 1,30,000 जिंकले. डोक्यात हिशोब असतो ‘वीस हजार नफ्यात’. करापोटी 40,560 गेले, हातात 89,440 आले. म्हणजे 20,560 तोट्यात, आणि त्यात ट्रॅव्हल्सचं तिकीट आणि पणजीतली खोली अजून धरलेलीच नाही. काही जणांची ‘हार’ म्हणजे खेळातली हार नसतेच, ती ही कात्री असते. अशा माणसानं पत्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं स्पर्धांची संख्या आणि दौरे कमी करावेत. स्वतःचं विवरणपत्र भरताना मात्र कर सल्लागाराला सगळे कागद दाखवा.

तिसरी पायरी : हार किती लांब असू शकते ते समजून घ्या

ही पायरी नीट वाचा, कारण मनावरचं अर्धं ओझं इथं उतरतं.

स्पर्धेत साधारण दहा ते पंधरा टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं. समजा तुम्ही बऱ्यापैकी चांगले आहात आणि 15 टक्के वेळा बक्षिसात येता. म्हणजे प्रत्येक स्पर्धेत रिकाम्या हातानं उठण्याची शक्यता 85 टक्के. लागोपाठ दहा वेळा रिकामं उठण्याची शक्यता जवळपास 20 टक्के, आणि लागोपाठ वीस वेळा सुमारे 4 टक्के. चार टक्के ऐकून वाटतं की हे आपल्या वाट्याला कशाला येईल. पण वर्षात 40 प्रवेश घेतले तर त्यात कुठंतरी वीसची सलग रांग येण्याची शक्यता साडेपंधरा टक्के होते. म्हणजे सहा-सात चांगल्या खेळाडूंपैकी एकाला हे एका वर्षातच भोगावं लागेल. पूर्वी ऑनलाइन 500 स्पर्धा सहज व्हायच्या. तेवढ्यात वीसची रांग येणं जवळपास ठरलेलंच, आणि तीसची यायचीही शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास.

मराठवाड्यातल्या माणसाला हे नवं वाटायला नको. वर्षाअखेर कागदावर येतं ‘सरासरीच्या शंभर टक्के पाऊस’, आणि त्याच वर्षी ऑगस्टात तीन आठवड्यांचा खंड पडून सोयाबीन फुलोऱ्यात करपलेलं असतं. सरासरी खरी असते आणि खंडही खरा असतो.

आता ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावणं, बघा. तुमच्याकडं राजाची जोडी, समोरच्याकडं राणीची. जिंकण्याची शक्यता सुमारे 80 टक्के. फायनल टेबलपर्यंत जायला असे पाच प्रसंग आले असं धरा. पाचही जिंकण्याची शक्यता किती? 33 टक्के. पाचही वेळा पैसा योग्य जागी टाकूनही तीनपैकी दोन वेळा कुठंतरी एक डाव हरणार. समोरच्याचा स्टॅक तुमच्यापेक्षा मोठा असताना तो डाव आला तर तुम्ही बाहेर.

तिसरा आकडा कमी लोकांना माहीत असतो. शंभर खेळाडूंच्या स्पर्धेत पहिल्याला साधारण 25 फींएवढं बक्षीस असतं, म्हणजे बराच पैसा वरच्या दोन-तीन जागांवर. त्यामुळं शंभर स्पर्धांनंतरही निकाल सरासरीच्या 30-35 फी वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे. एखादा खेळाडू खरोखर दर स्पर्धेला 15 टक्के नफ्याचा असेल, तर शंभर स्पर्धांत त्याचा नफा 15 फी व्हायला हवा. तो 15-20 फी तोट्यात दिसला तरी त्यात अजब काही नाही. आणि उलटंही तितकंच खरं. हरणारा खेळाडू शंभर स्पर्धांनंतर नफ्यात दिसू शकतो.

याचा आपल्यासाठी निष्कर्ष काय? वर्षातून दोन-तीनदा गोव्याला जाणाऱ्याला निकालावरून आपला खेळ कधीच कळणार नाही. तेवढ्या स्पर्धा त्याच्या होतच नाहीत. त्याला एकच मार्ग उरतो, निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासायचे.

चौथी पायरी : हात तपासा

स्पर्धेच्या ब्रेकमध्ये मोबाइलच्या नोट्समध्ये महत्त्वाचे हात (म्हणजे डाव) लिहायची सवय लावा. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांना भरावी लागणारी सक्तीची रक्कम, लहान ती स्मॉल आणि मोठी ती बिग ब्लाइंड) किती, माझा स्टॅक किती बिग ब्लाइंडचा, मी कुठल्या जागेवर, किती जण उरलेत, बक्षीस कितव्या जागेपासून, माझे पत्ते, माझ्या आधी कुणी काय केलं, मी काय केलं आणि तेव्हा डोक्यात काय होतं. निकाल मुद्दाम वेगळ्या जागी लिहा. मित्राला हात दाखवताना निकाल सांगायचाच नाही. सांगितला की तोही तुमच्यासारखाच निकालावरून बोलायला लागतो.

एक हात उलगडून दाखवतो. ब्लाइंड 1,000 आणि 2,000, बिग ब्लाइंडवाल्यानं 2,000 अँटेही (ब्लाइंडशिवायची सक्तीची रक्कम) भरलेला. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, सगळं भरून मागे 26,000 उरलेत. हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची नव्वी. बटणवरच्यानं (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरच्या, ब्लाइंडवाल्यांच्या लगेच आधी बोलणाऱ्या खेळाडूनं) एकूण 24,000 चा ऑल-इन केला, स्मॉल ब्लाइंड फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून डावाबाहेर. कॉल करायचा का?

मधे पडलेत 24,000 अधिक 1,000 अधिक 2,000 अधिक 2,000, म्हणजे 29,000. तुम्हाला टाकायचेत आणखी 22,000. टाकले की पॉट (मधली एकूण रक्कम) 51,000 चा. 22 भागिले 51, सुमारे 43 टक्के. म्हणजे निव्वळ चिप्सच्या हिशोबात 43 टक्क्यांपेक्षा जास्त वेळा जिंकत असाल तर कॉल. आता प्रश्न, तो कशाकशानं ऑल-इन करतो? बटणवरून, 12 बिग ब्लाइंड घेऊन, जाणता खेळाडू बऱ्याच पत्त्यांनी ढकलतो (ऑल-इन करतो) : कुठलीही जोडी, बहुतेक एक्के, राजासोबत मोठा पत्ता, सलग पत्ते. त्या सगळ्यांसमोर तुमची एक्का-नव्वी निम्म्याहून थोडी जास्तच जिंकते. कॉल बरोबर. त्यानं एक्का-दश्शी दाखवली आणि तुमच्याकडं फक्त 4,000 उरले, तरी कॉल बरोबरच होता.

आता फक्त जागा बदला. तोच ऑल-इन टेबलावर सगळ्यात आधी बोलणाऱ्यानं केलाय, मागं आठ जण बाकी असताना. तो मधल्या-मोठ्या जोड्या आणि मोठे एक्के यांनीच ढकलेल. त्यांच्यासमोर एक्का-नव्वी चाळीस टक्क्यांच्याही खाली जाते. फोल्ड. इथं कॉल करून जिंकलात, टेबलावर टाळ्या पडल्या, तरी वहीत तो हात चुकीचा म्हणूनच लिहायचा.

बबल, म्हणजे बक्षीस सुरू होण्याच्या लगेच आधीचा टप्पा, जवळ आला की 43 चा आकडा आणखी वर सरकतो. दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट बक्षीस नसतं, आणि बाहेर पडलात तर सगळंच जातं. दोन जण गेले की बक्षीस सुरू होणार असेल तर पन्नास टक्क्यांचा कॉलही बऱ्याचदा महाग पडतो. याचं गणित करणारे कॅल्क्युलेटर मिळतात. घरी बसून वापरा, टेबलावर नाही.

असे तीस-चाळीस हात तपासले की चित्र दिसायला लागतं. बहुतेक बरोबर निघाले तर हार पत्त्यांची, शांत राहा. हारीच्या काळात मला सगळ्यात जास्त दिसणारा दोष मात्र चिडून केलेल्या कॉलचा नसतो, वाट बघण्याचा असतो. सतत हरलेला माणूस घाबरून चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसतो. वरच्याच ब्लाइंडवर हिशोब करा, एका फेरीचा खर्च 5,000. स्टॅक 20,000 चा असेल तर एक फेरी गप्प बसलात की पाव स्टॅक गेला. दोन फेऱ्यांनी तुमच्या ऑल-इनला कुणी भीत नाही, आणि मग शेवटचे 10,000 कुठल्याही पत्त्यांवर टाकून माणूस म्हणतो, पत्तेच आले नाहीत. 15 बिग ब्लाइंडच्या खाली कुठल्या जागेवरून काय ढकलायचं याचे तक्ते सहज मिळतात. हारीचा महिना ते पाठ करण्यात घालवा.

दुसरा दोष उशिरा बसण्याचा. नोंदणी चालू असलेल्या शेवटच्या लेव्हलला (ब्लाइंडच्या टप्प्याला) रजिस्टर करून 15-20 बिग ब्लाइंडवर सुरू करणं हा वरच्या खेळाडूंचा विचारपूर्वक निर्णय असतो. आपलं कौशल्य खोल (मोठ्या) स्टॅकमध्ये असेल तर आपण तेच टाकून देतो.

सराव गावातच

पैशांशिवाय. रविवारी चार-पाच जण, एक चिप्सचा सेट, खऱ्या स्पर्धेसारखे वाढणारे ब्लाइंड, आणि हात संपला की पत्ते उघडून चर्चा. ‘पैसे नसले तर कुणी गंभीर खेळत नाही’ ही तक्रार येते. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण स्पर्धा खेळूच नका. बबलची एकच परिस्थिती मांडा, स्टॅक वाटून द्या आणि तीच पुन्हा पुन्हा खेळा. दोन तासांत जे शिकाल ते गोव्याच्या अख्ख्या दौऱ्यात वाट्याला येत नाही.

डोकं आणि घर

रात्री दोनला स्पर्धेतून बाहेर पडलेला माणूस तीनला कॅश टेबलवर (थेट पैशांच्या डावात) बसतो आणि सकाळी दौऱ्याचं सगळं बजेट संपलेलं असतं. टिल्ट (हारीनं तोल जाऊन खेळणं) म्हणजे आरडाओरडा नव्हे, बहुतेकांचा टिल्ट असाच गप्प असतो. त्याला इच्छाशक्तीनं अडवता येत नाही, व्यवस्थेनं येतं. दिवसाची रक्कम ठरवून तेवढीच सोबत न्यायची, कार्ड खोलीवर, आणि स्पर्धेतून बाहेर पडल्यावर आधी जेवण, मग झोप.

घरी खरा आकडा सांगा. बायकोनं विचारलं, ‘अहो, किती गेले?’ तर ‘थोडेफार’ हे उत्तर नको. वहीतला आकडा, कर्ज असेल तर तेही, आणि महिनाभर खेळणार नाही हे, एका दमात सांगा. वडिलांशी बोलणं अवघड जात असेल तर मोठ्या भावाला किंवा मामाला सोबत घ्या. लपवलेली हार दुप्पट वेगानं वाढते, कारण ती गुपचूप भरून काढायची घाई लागते.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून. आकड्यांबद्दल घरी खोटं बोलावं लागतंय, हरलेलं परत मिळवायला उधारी करताय, महिनाभर थांबायचं ठरवून आठवड्यात मोडलंत, झोप उडालीय, यातलं काहीही असेल तर हा लेख पुरेसा नाही. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, तसंच नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर फोन आत्ता करा, आणि घरातल्या एकाला शेजारी बसवून करा. अशा माणसानं पोकर कायमचं सोडावं. तो किती चांगला खेळतो याचा इथं प्रश्नच येत नाही.

परत बसताना

महिना झाला, कर्ज नाही, वही पूर्ण आहे, हात तपासून झालेत, घरी माहीत आहे. मग परत जा, पण आधी खेळायचात त्याच्या निम्म्या फीच्या स्पर्धेला. एका स्पर्धेत एकच प्रवेश, री-एंट्री नाही. दौऱ्याच्या स्पर्धा निघण्याआधी कागदावर लिहा आणि तो कागद सोबत येणाऱ्या मित्राच्या खिशात ठेवा. कागदाबाहेरची स्पर्धा दिसली तर त्याला विचारायचं, आणि त्यानं नाही म्हटलं तर विषय संपला.

पहिल्या काही दौऱ्यांत ध्येय बक्षिसाचं ठेवू नका. प्रत्येक स्पर्धेतले पाच हात नीट लिहिणं, 15 बिग ब्लाइंडच्या खाली तक्त्याप्रमाणं खेळणं, आणि बाहेर पडल्यावर झोपायला जाणं, एवढं जमलं तर दौरा बरोबर झाला असं वहीत लिहा.

बक्षीस लागलंच, तर त्याच रात्री वरच्या फीच्या स्पर्धेत बसू नका. कर कापून आलेली रक्कम आधी मित्रांच्या हिश्श्यांना, मग घरातून कधी घेतले असतील तर घराला, आणि उरलेली खेळाच्या खात्यात. फी वाढवायचा विचार गावी परतून, वही उघडून, रविवारच्या बैठकीत बाकीच्यांसमोर मांडायचा.